घाटात गाडी तापते तेव्हा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी काय लिहावे याचे संकेत ठरून गेले आहेत. एखाद्या कवीचे रसग्रहण, एखादे प्रवासवर्णन, गेला बाजार सहलीचा वृत्तांत. मी मोटारीच्या रेडिएटरवर लेख देते म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या, आणि हा विषय आयटीआयच्या अंकात शोभेल असे त्यांनी सांगून टाकले. परंतु आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींची घरे कशावर चालतात ते एकदा पाहावे. उल्हासनगरचा फर्निचर बाजार, अंबरनाथची आयुध निर्माणी नि औद्योगिक वसाहत, बदलापूरचे कारखाने, आणि या सगळ्यांचा माल इकडून तिकडे नेणारे टेम्पो. माझे वडील असाच एक छोटा टेम्पो चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी फी ज्या इंजिनातून येते ते तापले म्हणजे काय होते, हे समजून घेणे मला अवांतर वाटत नाही. सुट्टीत मी वडिलांबरोबर खेपेला जाते, पावत्या लिहिते, दोर धरते. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले नि पुढे वाचून पडताळले, ते येथे मांडते.

खरे पाहता तापणे हा इंजिनाचा धर्मच आहे. सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूंचे उष्णतामान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाचे हेड बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. म्हणजे ज्या भांड्यात ही आग पेटते ते भांडेच वितळून जायला हवे. ते जात नाही, कारण त्याच्या भिंतींतून सतत पाणी खेळते. इंधनातल्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक चाके फिरवतो, एक धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो, आणि तिसरा पाण्याला उचलून बाहेर टाकावा लागतो. वॉटर पंप पाणी ढकलतो, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, समोरून येणारा वारा आणि पंखा त्याला निववतात, आणि ते परत इंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेतो ती बंद राहते, नंतर उघडते, म्हणजे सकाळी गार असलेले इंजिन लवकर कामाच्या उष्णतामानाला येते. हे सारे नीट चालले तर काटा मध्यावर स्वस्थ उभा असतो, आणि ड्रायव्हरला त्याची आठवणही होत नाही.

पाण्याची ही कथा मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेन्झ याने १८८६ साली जर्मनीत आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी तापे, उकळे, वाफ होऊन उडून जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्टा ही गाडी घेऊन, दोन मुलांसह, नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले, आणि चढ आला की मुलांनी गाडी ढकलली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला आणि त्यात तिचा बराच वेळ पाणी शोधण्यात गेला, हे आमच्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे! पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर काढला, तेव्हा कुठे पाणी उडून न जाता फिरत राहू लागले.

आपल्या बदलापूरच्या पुढचे नेरळ घ्या. नेरळ-माथेरानची छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या वाटेवर वॉटर पाइप नावाचे एक स्थानक आहे. वाफेची इंजिने तेथे पाणी घेत, म्हणून ते नाव. वाफेच्या इंजिनाचे पाणी उकळले तरच ते चालते, आणि मोटारीचे पाणी उकळले की ती थांबते, हा दोन यंत्रांतला गमतीचा फरक. त्याच डोंगरावर आज नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्स्या चढतात. भरलेली गाडी, पहिला गिअर, उभा चढ. अशा वेळी इंजिन जोरात फिरते, म्हणजे उष्णता पुष्कळ निर्माण होते, पण गाडी सायकलच्या वेगाने चालते, म्हणजे रेडिएटरवर वारा येत नाही. जमाखर्चाच्या वहीत जमा थोडी नि खर्च जास्त झाला म्हणजे जे होते तेच येथे होते.

सपाट रस्त्यावरही ही वेळ येते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर फॉरेस्ट नाक्यापाशी एप्रिलच्या दुपारी गाड्या खोळंबलेल्या असतात, तेव्हा वारा शून्य, आणि सगळा भार एकट्या पंख्यावर. शिवाय आपला भाग समुद्रापासून आत. मुंबईला दुपारी जो खारा वारा लागतो तो आपल्याकडे उशिरा नि थकून पोचतो. बदलापूरला उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. रेडिएटरला पाणी थंड करायचे ते याच तापल्या हवेने. त्यात मोटारीचा एसी चालू असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढेच बसवलेली असते, म्हणजे ती आपली उष्णता त्याच्याच तोंडावर फेकते आणि इंजिनावर आपला बोजाही टाकते.

आता काटा वर सरकू लागला तर काय करावे? प्रथम एसी बंद करावा. मोटारीला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करून खिडक्या उघडाव्यात. मे महिन्यात हीटर लावा म्हणणारी मुलगी वेडी वाटेल, परंतु हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला एक लहानसा रेडिएटरच होय. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. आपण घामाघूम होतो, इंजिन वाचते. गाडी नुसती खोळंब्यात अडकली असेल, पाणी गळत नसेल आणि वाफ दिसत नसेल, तर गिअर काढून ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. त्याने पंप जलद फिरतो, आणि पंखा पट्ट्यावर चालणारा असेल तर तोही. एवढ्याने काटा खाली आला तर सावकाश पुढे जावे. पण काटा लाल खुणेला टेकला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर मग एकच उपाय. पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचे. घाटात वळणावर थांबू नये. हँडब्रेक ओढावा, चाकाखाली दगड लावावा, मागून येणाऱ्यांसाठी चारही इंडिकेटर लावून ठेवावेत.

हे सांगायला सोपे आहे. करायला कठीण का, ते मी गेल्या मे महिन्यात माळशेज घाटात पाहिले. उल्हासनगरहून पलंग, कपाट नि ड्रेसिंग टेबल भरून आम्ही ओतूरला निघालो होतो. लग्नाचे सामान, संध्याकाळी हळद. शहाड, म्हारळ, मुरबाड, टोकावडे येथपर्यंत काटा मध्यावर. घाट लागला तशी सीट तापू लागली. आमच्या टेम्पोचे इंजिन सीटखाली आहे, त्यामुळे काट्याच्या आधी बसणाऱ्यालाच बातमी लागते. वडिलांनी मोकळी जागा पाहून टेम्पो बाजूला घेतला, मला म्हणाले, "पोरी, दगड लाव." मग ते कठड्याजवळ सावलीला जाऊन बसले. पाच मिनिटांत नवऱ्या मुलाच्या मामांचा फोन. दहा मिनिटांत पुन्हा. तिसऱ्या वेळी मामा चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, थोडा तर घाट राहिला, चढवा की!" वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, "मामा, कपाट आज येईल. आता गाडी चढवली तर उद्यासुद्धा येणार नाही."

आम्ही पन्नास मिनिटे थांबलो. एका होज पाइपची क्लिप सैल होऊन पाणी झिरपत होते. वडिलांनी ती पान्याने आवळली, पाणी भरले, आणि दिवेलागणीनंतर आम्ही ओतूरला पोचलो. उशीर झाला म्हणून भाड्यातून दोनशे रुपये कापले गेले. मला राग आला. वडिलांना आला नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या शेजारचे तात्या होते. तात्यांनी आदल्या वर्षी अशाच खेपेत, गिऱ्हाईक बोलते म्हणून, वाफ दिसत असताना गाडी दामटली. हेड गास्केट उडाले नि हेड वाकडे झाले. कारण ॲल्युमिनियमचे हेड अति तापले की पिळवटते. मग पाणी तेलात जाते, तेल पाण्यात जाते. हेड उतरवून ते मशीनवर सपाट करून घेणे, नवे गास्केट, नवे तेल, यात आठ दिवस टेम्पो उभा, आणि बँकेचा हप्ता चुकला. पन्नास मिनिटे आणि आठ दिवस, असा हा व्यवहार असतो. गिऱ्हाइकाला फक्त पन्नास मिनिटे दिसतात.

थांबल्यावरचा सर्वात मोठा धोका मात्र इंजिनाला नसून माणसाला असतो, आणि तो म्हणजे रेडिएटरचे झाकण. हे झाकण साधे नाही. त्यात स्प्रिंग असते आणि ते आतले पाणी दाबाखाली ठेवते. आपल्या घरातला कुकर हेच करतो. वातावरणाच्या दाबावर आणखी साधारण तेवढाच दाब चढवला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. उलट डोंगरावर हवेचा दाब कमी. माळशेजच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळेल. म्हणजे झाकणाखाली ११० अंशांचे पाणी उकळ्या न फुटता गप्प असते, आणि झाकण निघताक्षणी त्यातले काही एकदम वाफ होऊन उकळत्या पाण्यासह तोंडावर उसळते. शिटी झालेला कुकर आपल्या आया लगेच उघडत नाहीत. तीच बाई नवऱ्याच्या टेम्पोपाशी उभी असेल तर "झाकण काढून बघा तरी" म्हणते, असे माझे वडील म्हणतात. (आईचे यावर वेगळे मत आहे.)

वाफेचे पोळणे पाण्याच्या पोळण्याहून वाईट का, ते आपण शाळेत शिकलो होतो, फक्त ते परीक्षेपुरते राहिले. एक ग्रॅम वाफेचे १०० अंशांवर पाणी होताना ती सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते, आणि ती सोडते आपल्या कातडीवर. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा, गुळगुळीत पट्टा आहे. ते क्लीनर होते तेव्हा, वयाच्या सतराव्या वर्षी, मालक घाई करत होता म्हणून त्यांनी झाकण फिरवले होते. म्हणून आमच्या टेम्पोत नियम असा की, निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. त्यानंतरही आधी फडक्याने वरचा रबरी पाइप दाबून पाहायचा. तो टणक लागला तर आत दाब आहे, आणखी थांबायचे. मऊ लागला की झाकणावर जाड, घडी केलेले फडके ठेवायचे, तोंड बाजूला वळवायचे, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचे आणि फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. मग दाबून काढायचे. पुष्कळ गाड्यांना बाजूला प्लॅस्टिकची टाकी असते. तिच्यावरच्या खुणांवरून पाण्याची पातळी झाकण न उघडताच कळते, तेव्हा आधी तेथे पाहावे. बॉनेटखालून वाफ येत असेल तर बॉनेटही उघडू नये. आणखी एक, विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून ओढणी, दोर, बोटे त्यापासून दूर ठेवावीत.

कोणी भाजलेच तर त्या जागेवर वाहते साधे गार पाणी वीस मिनिटे धरावे. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढाव्यात, कारण हात सुजतो. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल यांतले काहीही लावू नये. स्वच्छ फडक्याने सैल झाकून दवाखाना गाठावा, आणि चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर वाट न पाहता.

पाणी भरतानाही घाई नको. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर धातू आकसून तडकू शकतो, चुलीवरच्या तापल्या काचेच्या बरणीसारखा. इंजिन निवल्यावर हळूहळू ओतावे, मग इंजिन सुरू करून पातळी पाहत थोडे थोडे. खरे तर तेथे कूलंट हवे. ते नुसत्या पाण्यापेक्षा अधिक उष्णतामानाला उकळते आणि गंज धरू देत नाही. परंतु घाटात कूलंट कोठून आणणार? प्यायच्या बाटलीतले पाणी चालते, पुढे गॅरेजमध्ये ते बदलून घ्यावे. बोअरिंगचे पाणी कायम वापरू नये. आपल्याकडे बादलीला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. आणि वालधुनी नदीचे पाणी तर, तिच्या काठी अंबरनाथाचे १०६० सालचे शिवमंदिर असले तरी, आज इंजिनाला देखील देऊ नये. तेथल्या रसायनांनी मंदिरापेक्षा रेडिएटर आधी जाईल. कूलंट कुठे सांडले तर पाणी ओतून धुऊन टाकावे. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड नि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

काट्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वर गेलेला काटा काहीही न करता अचानक खाली पडला तर ते शुभलक्षण समजू नये. पाणी पूर्ण संपले की उष्णता मोजणारा भाग कोरडा पडतो, आणि काटा गारठा दाखवू लागतो. प्रत्यक्षात तेव्हाच इंजिन सर्वाधिक तापलेले असते. असा धीर देणारा काटा दिसताच गाडी ताबडतोब उभी करावी. उलट, गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर काटा जरा वर चढला तर घाबरू नये. पंप थांबल्याने साठलेली उष्णता पाण्यात उतरते इतकेच.

पुढे गॅरेजमध्ये कारणांचा शोध सुरू होतो. जमिनीवर हिरवा किंवा गुलाबी ओघळ असेल तर गळती. पट्टा तुटलेला किंवा सैल. पंखा फिरतच नाही. जाळीत चिखल: २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचा पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, तशा पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची जाळी आतून-बाहेरून धुऊन घ्यावी लागते. तेलाच्या काठीवर दुधाळ फेस दिसला किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला, तर हेड गास्केट गेले असे समजावे आणि गाडी चालवत नेऊच नये, ओढून न्यावी.

राहता राहिला थर्मोस्टॅट, आणि येथे माझा अनेक मेकॅनिकांशी मतभेद आहे. आमचा टेम्पो पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तापू लागला. पाणी पूर्ण, गळती नाही, इंजिन भट्टी झालेले आणि रेडिएटर मात्र गारच. थर्मोस्टॅट अडकला हे उघड होते. "काढून टाका, आपल्या गरम देशात काय करायचाय तो?" असा सल्ला तीन गॅरेजांत मिळाला, आणि हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. परंतु ही झडप गरम देश नि थंड देश पाहत नाही. ती नसेल तर इंजिन फार वेळ कोमट राहते, तेल जाड राहते, भाग झिजतात, डिझेल जास्त लागते, आणि काही इंजिनांत पाण्याची वाटच बिघडून गाडी उलट अधिक तापते. वडिलांना मी हे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुस्तकातलं खरं का खोटं, ते पातेल्यात बघू."

त्या रात्री आमच्या गॅसवर पातेल्यात पाणी ठेवले, आणि त्यात दोन थर्मोस्टॅट सोडले, टेम्पोतून काढलेला जुना आणि दुकानातून आणलेला नवा. पाण्याला बारीक बुडबुडे धरू लागले, अजून उकळी फुटायची होती, आणि नव्याची झडप हळूच उघडली. जुना खळखळत्या पाण्यातही मिटलेलाच. दुसऱ्या दिवशी नवा बसला. आईने ते पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकात घेतलेले नाही. ते टेम्पोत असते, फडके नि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायला.